पिवळ्या वॉकमनचा संग्रह

पिवळ्या वॉकमनचा संग्रह हा जुन्या, सोबत वागविता येणाऱ्या कॅसेट वादकांच्या संग्रहछंदाचा एक उपप्रकार आहे. त्यात संग्राहक कंपनी, किंमत किंवा निर्मितीचे वर्ष यांऐवजी रंग हा निवडीचा मुख्य निकष मानतो आणि केवळ पिवळ्या बाह्यांगाची यंत्रे जमवितो. १९८३ साली जपानच्या सोनी कंपनीने खेळाडूंसाठी बाजारात आणलेला पिवळा 'स्पोर्ट्स वॉकमन' आणि त्याच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी काढलेली यंत्रे हा या संग्रहाचा गाभा होय. निळा-चंदेरी, लाल अशा अन्य रंगांचेही एकरंगी संग्रह केले जातात.

अशा संग्रहाला दोन बाजू आहेत. यंत्र हे एका काळाच्या वस्तुनिर्मितीचा नमुना असते, त्याचप्रमाणे ते चुंबकीय फितीवरील आवाज ऐकण्याचे साधनही असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या आराधी गीते, भजन, कीर्तन आणि भीमगीते यांची परंपरा असलेल्या प्रदेशात, घरोघरी शिल्लक राहिलेल्या कॅसेटी ऐकायच्या तर चालू स्थितीतील वादक आवश्यक ठरतो. त्यामुळे या छंदाचा ध्वनिजतनाच्या कामाशी जवळचा संबंध येतो.

संज्ञा

'वॉकमन' हे सोनी कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. तथापि मराठीत, जगातील इतर अनेक भाषांप्रमाणेच, कोणत्याही कंपनीच्या खिशात मावणाऱ्या कॅसेट वादकाला सरसकट 'वॉकमन' म्हटले जाते. घरात ठेवण्याच्या मोठ्या यंत्राला 'टेपरेकॉर्डर' किंवा नुसते 'टेप', आणि रेडिओ जोडलेल्या यंत्राला 'टू-इन-वन' म्हणण्याची प्रथा आहे. या लेखात 'वॉकमन' हा शब्द सामान्य अर्थाने वापरला आहे. सोनीच्या यंत्रांचा उल्लेख असेल तेथे तसे स्पष्ट केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कॅसेट म्हणजेच बंदिस्त ध्वनिफीत नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिन येथील प्रदर्शनात प्रथम मांडली. ती विकसित करणाऱ्या गटाचे प्रमुख लू ऑटेन्स होते. सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ६.४ सेंटिमीटर रुंद अशा प्लॅस्टिकच्या डबीत ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत दोन चकत्यांवर गुंडाळलेली असते. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरावीक वेगाने सरकते. या हिशेबाने ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूची ३० मिनिटे वाजण्यासाठी जवळजवळ ८६ मीटर फीत लागते. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये त्याच डबीत अधिक फीत बसवावी लागत असल्याने ती पातळ असते आणि ताणली जाण्याची किंवा गुंतण्याची शक्यता वाढते.

सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी लहान यंत्र हवे होते. कंपनीचे तेव्हाचे वाहून नेता येणारे ध्वनिमुद्रक त्यांना जड वाटत. पत्रकारांसाठी तयार केलेल्या 'प्रेसमन' या छोट्या ध्वनिमुद्रकातील मुद्रणाची सोय काढून आणि त्यात स्टिरिओ वादनाची योजना करून नवे यंत्र घडविण्यात आले. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनी त्याचा आग्रहाने पुरस्कार केला. हा पहिला वॉकमन, प्रतिकृती क्रमांक टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचा रंग निळा आणि चंदेरी होता व किंमत ३३,००० येन होती. तो दोन पेन्सिल सेलवर चालत असे. दोघांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून त्यात दोन कर्णध्वनींची सोय होती. एक नारिंगी बटण दाबले की संगीताचा आवाज कमी होऊन लहान ध्वनिग्राहकाद्वारे समोरच्या व्यक्तीचे बोलणे ऐकू येत असे.

ज्या यंत्रात ध्वनिमुद्रणच करता येत नाही ते कोण घेणार, अशी शंका आरंभी व्यक्त झाली होती आणि पहिल्या महिन्यात विक्रीही मंद होती. परंतु ऑगस्ट १९७९ अखेर पहिला साठा संपला. अमेरिकेत 'साउंडअबाउट', ब्रिटनमध्ये 'स्टोअवे' आणि स्वीडनमध्ये 'फ्रीस्टाइल' अशी निराळी नावे काही काळ वापरण्यात आली. पुढे 'वॉकमन' हेच नाव सर्वत्र रूढ झाले. जर्मन-ब्राझिलियन संशोधक आंद्रेआस पावेल यांनी १९७७ साली इटलीत 'स्टिरिओबेल्ट' नावाच्या तत्सम कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. सोनी व पावेल यांच्यातील दीर्घकालीन वाद २००३ साली तडजोडीने मिटला. सोनीने २०१० मध्ये जपानमधील कॅसेट वॉकमनची विक्री थांबविली. तोपर्यंत अशी २० कोटींहून अधिक यंत्रे जगभर विकली गेली होती.

पिवळ्या रंगाचा उगम

सुरुवातीच्या काळातील बहुसंख्य वॉकमन काळे, राखाडी किंवा चंदेरी असत. हे रंग घरातील मोठ्या ध्वनियंत्रांच्या परंपरेतून आले होते. १९८३ साली सोनीने डब्ल्यूएम-एफ५ हे यंत्र आणले. धावताना, नौकाविहारात किंवा पावसात वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता. कॅसेटच्या कप्प्याभोवती रबरी कडे, घट्ट बसणारा खटका, रबराने झाकलेली बटणे आणि जाड प्लॅस्टिकचे बाह्यांग अशी त्याची रचना होती. बाह्यांगाचा रंग झळझळीत पिवळा ठेवण्यात आला. पिवळा रंग पाण्यात, वाळूत अथवा गवतात चटकन दृष्टीस पडतो. पोहणाऱ्यांची साधने, पावसाळी अंगरखे आणि बांधकामावरील संरक्षक टोप्या यांचाही तो परिचित रंग असल्याने 'कणखर वस्तू' असा अर्थ त्यातून आपोआप सूचित होत असे.

त्यानंतरच्या काळात सोनीने याच धर्तीची अनेक पिवळी यंत्रे काढली. इतर कंपन्यांनीही खेळप्रकारातील उठावदार रंगांची यंत्रे बाजारात आणली. अशा प्रकारे पिवळा हा एका कंपनीचा रंग न राहता एका वापरप्रकाराची खूण बनला. एकरंगी संग्राहकांना याच रंगाचे विशेष आकर्षण वाटते, कारण त्यात कंपन्या बदलल्या तरी एक सलग इतिहास दिसतो. याउलट सोनीने मुलांसाठी काढलेल्या 'माय फर्स्ट सोनी' मालिकेतील लाल रंग खेळण्याचा भाव दर्शवितो, तर पहिल्या वॉकमनचा निळा-चंदेरी रंग आरंभकाळाची खूण मानला जातो. २०१४ सालच्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' या चित्रपटात पहिला वॉकमन दिसल्यानंतर त्याला जगभर मागणी वाढली आणि एकूणच जुन्या कॅसेट वादकांकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले.

भारतातील प्रसार

भारतात १९७० च्या दशकात परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आणि मोठे कर होते. त्यामुळे कॅसेट वादक प्रथम आखाती देशांत कामाला गेलेल्यांच्या सामानातून, खलाशांकडून आणि मुंबईसारख्या बंदरांच्या बाजारांतून देशात पसरले. आखातात गेलेला मनुष्य घरच्यांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवी आणि घरची मंडळीही त्याच कॅसेटवर आपले बोलणे मुद्रित करून परत धाडीत. निरक्षर आई-वडिलांसाठी हे बोलते पत्र मोलाचे होते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी धोरणे सैल झाल्यावर देशातच वादक व कॅसेटी तयार होऊ लागल्या. गुलशनकुमार यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज अर्थात 'टी-सिरीज'ने कमी किमतीच्या कॅसेटी खेड्यापाड्यांत पोहोचविल्या. तोवर एचएमव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रिकांच्या बाजारावर वर्चस्व होते. तबकडी काढण्याचा खर्च मोठा असल्याने अल्प श्रोतृवर्गाच्या बोली, जात्यावरच्या ओव्या किंवा स्थानिक देवस्थानांची गाणी त्या बाजारात क्वचितच येत. कॅसेट स्वस्त आणि नक्कल करण्यास सोपी असल्याने ही स्थिती बदलली. या स्थित्यंतराचा अभ्यास अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात केला आहे. त्यात मुख्यतः उत्तर भारतातील लोकप्रिय संगीताचा विचार आहे. नक्कल करणे सोपे झाल्यामुळे चोरट्या प्रतींचाही सुळसुळाट झाला आणि १९८४ साली भारतीय प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढविण्यात आल्या.

महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, विठ्ठल उमप यांचे लोकसंगीत, आनंद व मिलिंद शिंदे यांची लोकगीते, बाबामहाराज सातारकर यांचा हरिपाठ आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन हे सारे कॅसेटच्या माध्यमातून घरोघरी पोहोचले. लग्नाच्या मांडवात, एस.टी. स्थानकाजवळच्या उपाहारगृहांत, ट्रॅक्टरवर आणि पिठाच्या गिरणीत कॅसेट वाजत राहणे ही १९८० ते २००० या काळातील सामान्य गोष्ट होती. काँपॅक्ट डिस्क, एमपी-३ आणि पुढे भ्रमणध्वनीतील स्मृतिपत्रिका आल्यावर कॅसेटचा व्यवहार उतरणीला लागला.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव जिल्हा मराठवाड्याच्या दक्षिण भागात, बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे त्यातील आठ तालुके होत. येथील ध्वनिपरंपरा विविध आहे. तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या उपासनेतून आराधी गीते, गोंधळ आणि संबळवादन यांची परंपरा चालत आली. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला आणि तेर येथील संत गोरोबाकाकांच्या स्थानाला भाविकांची मोठी वर्दळ असते. धाराशिव शहरातील ख्वाजा शमशोद्दीन गाजी यांच्या दर्ग्याच्या उरुसामुळे कव्वालीलाही येथे श्रोता आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने मराठीबरोबर दखनी उर्दू आणि सीमेलगतच्या गावांत कन्नडही ऐकू येते.

कॅसेटयुगात या परंपरांना दोन प्रकारे स्थान मिळाले. पहिला प्रकार विक्रीसाठी काढलेल्या कॅसेटींचा होता. तीर्थक्षेत्रांच्या बाजारात हळदकुंकू, कवड्यांच्या माळा आणि देवीच्या तसबिरींशेजारी देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी मांडलेल्या असत. दुसरा प्रकार घरगुती ध्वनिमुद्रणांचा. टू-इन-वन यंत्रातील लाल बटण दाबून गावच्या भजनी मंडळाचे भजन, सप्ताहातील कीर्तन, आजीच्या ओव्या, बारशाचे पाळणे आणि नातवंडांचे बोबडे बोल कोऱ्या कॅसेटवर उतरविले जात. विकत मिळालेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. घरगुती कॅसेटची मात्र बहुधा तीच एक प्रत असते.

या फरकाचे गांभीर्य जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराबरोबरच धाराशिव जिल्ह्याच्या आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळणे हे मोठ्या जीवितहानीचे प्रमुख कारण होते. घरांबरोबर घरातील कागद, छायाचित्रे आणि फितीही गाडल्या गेल्या. अशा कुटुंबातील एखाद्याचा आवाज पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला पाठविलेल्या कॅसेटवर उरला असेल, तर त्याला पर्याय नाही. ती कॅसेट वाजविणारे यंत्र हाताशी असणे ही तेथे हौसेपलीकडची गरज ठरते.

एकरंगी संग्रहाची पद्धत

वॉकमनच्या शेकडो प्रतिकृती असल्याने सर्व जमविणे एका व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचे असते. संग्राहक म्हणून कोणतीतरी मर्यादा घालून घेतो. कोणी एकाच कंपनीची, कोणी एकाच वर्षाची, तर कोणी ध्वनिमुद्रणाची सोय असलेलीच यंत्रे घेतो. रंगाची मर्यादा ही त्यांतील सर्वांत सोपी दिसणारी, पण प्रत्यक्षात काटेकोर नजर मागणारी मर्यादा आहे. पिवळा म्हणजे नेमका कोणता, हा पहिलाच प्रश्न उभा राहतो. लिंबासारखा, हळदीसारखा, झेंडूसारखा अशा छटा एकाच प्रतिकृतीच्या वेगवेगळ्या यंत्रांतही आढळतात. त्यांतील काही छटा मुळातल्या असतात, तर काही उन्हाने आणि वापराने आलेल्या असतात.

मूळ छटा ओळखण्यासाठी सेलच्या कप्प्याचे झाकण काढून आतील भाग पाहिला जातो. तेथे ऊन पोहोचत नसल्याने रंग बराचसा मूळचा राहतो. बाहेरची आणि आतली छटा यांत मोठा फरक असेल, तर यंत्र दीर्घकाळ उन्हात राहिले असे समजावे. दोन अर्धांगांच्या छटा एकमेकींशी जुळत नसतील, तर दोन यंत्रांचे भाग एकत्र केले असण्याची शक्यता असते. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असणे, हे यंत्र पूर्वी उघडले गेल्याचे चिन्ह होय. वरून रंग दिलेले यंत्र कडांवर आणि बटणांच्या खाचांत ओळखू येते. अस्सल यंत्रात रंग प्लॅस्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो, म्हणून ओरखड्याखालीही पिवळेच दिसते.

भारतीय बाजारात जपानी यंत्रांच्या नकला मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यांवरील नावे प्रसिद्ध कंपन्यांच्या नावांशी एखाद्या अक्षराने मिळतीजुळती असत. काही संग्राहक अशी यंत्रे वर्ज्य मानतात. इतरांच्या मते सामान्य ग्राहकाच्या हातात पोहोचलेली वस्तू तीच असल्याने इतिहासाच्या दृष्टीने नकलेलाही मोल आहे. नक्कल 'नक्कल' म्हणून नोंदविली असेल तर दोन्ही भूमिकांना बाधा येत नाही.

यंत्राची रचना आणि नेहमीचे बिघाड

वॉकमनमध्ये एक लहान विद्युत चलित्र असते. ते रबरी पट्ट्याच्या साह्याने एक जड चक्र फिरविते. या चक्राच्या पोलादी आसावर रबरी चाक फीत दाबून धरते आणि फीत एकसारख्या वेगाने चुंबकीय शीर्षासमोरून सरकते. या शीर्षालाच दुरुस्ती करणारे 'हेड' म्हणतात. फितीवरील चुंबकीय चढउतारांमुळे शीर्षात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो वर्धित होऊन कर्णध्वनीत ऐकू येतो.

या साखळीत सर्वप्रथम रबरी पट्टा निकामी होतो. काही वर्षांनी तो सैल पडतो, भेगाळतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. चलित्राचा आवाज येतो पण चकत्या फिरत नाहीत, अशा बहुतेक यंत्रांत हाच दोष असतो. चिकटलेले रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काळजीपूर्वक पुसून योग्य मापाचा नवा पट्टा बसविला की अनेक यंत्रे पुन्हा चालू लागतात. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे विसरून राहिलेल्या सेलमधून पाझरलेले रसायन. त्यामुळे धातूच्या पट्ट्यांवर पांढरा किंवा निळसर थर जमतो आणि तारा कुरतडल्या जातात. अल्कधर्मी सेलचा पाझर थोड्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने उदासीन करून, नंतर जागा अल्कोहोलने पुसून कोरडी केली जाते. याखेरीज वंगण आळणे, दाबचाक कडक होणे, प्लॅस्टिकचे दंतचक्र तडकणे आणि मंडलातील धारित्रे पाझरणे हेही दोष आढळतात. खेळप्रकारातील पिवळ्या यंत्रांत पाणी अडविण्यासाठी लावलेले रबरच कालांतराने चिकट किंवा ठिसूळ होते. म्हणजे ज्या गुणासाठी यंत्र नावाजले गेले, त्याच ठिकाणी ते प्रथम दुबळे होते. असे यंत्र आज पाण्याजवळ नेणे योग्य नाही.

वेग अचूक असणे जतनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. वेग सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाला तर संपूर्ण गायन अर्ध्या स्वराने खाली उतरते. काळी एकमध्ये गायिलेले भजन पांढरी एकमध्ये गायिल्यासारखे ऐकू येते आणि गाणाऱ्याचा आवाज जाड भासतो. वेग तपासण्यासाठी ठरावीक कंपनसंख्येचा स्वर असलेली चाचणी-कॅसेट वापरतात. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी सेल उतरलेले असतील तर उलट परिणाम होतो. मुद्रण करताना फीत मंद सरकल्याने, योग्य वेगाच्या यंत्रावर तेच ध्वनिमुद्रण शेवटाकडे अधिकाधिक जलद व उंच स्वरात ऐकू येते. हा दोष वादकाचा नसतो. तो पुढे संगणकावर दुरुस्त करता येतो.

हवामान आणि जतन

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर पावसाळ्यात हवेतील दमटपणा वाढतो. काळ्या मातीची बारीक धूळ वर्षभर घरात येते. पत्र्याच्या छताखालील खोली आणि खिडकीलगतची मांडणी ही यंत्रांना सर्वांत घातक ठिकाणे होत. जुन्या माळवदाच्या घरातील आतली खोली उन्हाळ्यातही थंड राहते, परंतु छतातून माती झरत असल्याने तेथे झाकण असलेली पेटी आवश्यक असते.

यंत्रे ठेवताना सेल काढून ठेवणे, दर काही महिन्यांनी यंत्र थोडा वेळ चालविणे, थेट ऊन टाळणे आणि पेटीत आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे ही सर्वसाधारण पथ्ये आहेत. पिवळसर झालेले पांढरे प्लॅस्टिक पुन्हा पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांचा उपयोग काही हौशी मंडळी करतात. पिवळ्या यंत्रांवर हा प्रयोग केल्यास मूळ रंगच उडण्याचा धोका असतो. कॅसेटी ध्वनिवर्धकातील चुंबकापासून दूर, उभ्या आणि पूर्ण एका बाजूला गुंडाळून ठेवाव्यात, असा संकेत आहे. फितीवर पांढुरकी बुरशी दिसल्यास ती वादकात घालू नये, कारण बुरशी शीर्षावर आणि तेथून इतर कॅसेटींवर पसरते.

ध्वनिफितींचे अंकीय रूपांतर

चालू स्थितीतील वॉकमनच्या कर्णध्वनीच्या जागेतून संगणकाच्या ध्वनिप्रवेशापर्यंत तार जोडून कॅसेटचे अंकीय रूपांतर करता येते. काम सुरू करण्यापूर्वी कॅसेटच्या वरच्या कडेवरील प्लॅस्टिकच्या दोन्ही कळ्या मोडाव्यात, म्हणजे दुसऱ्या एखाद्या यंत्रात तिच्यावर चुकून नवे ध्वनिमुद्रण होत नाही. अनेक वर्षे न वाजलेली फीत प्रथम एकदा पुढे आणि एकदा मागे संपूर्ण गुंडाळून घ्यावी. चकती अडत असल्यास षट्कोनी पेन्सिल घालून ती हाताने हळू फिरविण्याची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. शीर्ष प्रत्येक कॅसेटनंतर स्वच्छ करावे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या प्रमाणाने, संक्षेप न करता जतन केलेल्या एका तासाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते.

अशा कामाचे सामाजिक मूल्य महाराष्ट्रात जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पाने दाखवून दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडीच्या सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या माध्यमातून सर्वांसाठी खुला झाला. घरगुती कॅसेटींवरील ओव्या हा त्याच परंपरेचा विखुरलेला भाग होय.

प्रताधिकाराच्या दृष्टीने विकत घेतलेल्या आणि घरी भरलेल्या कॅसेटी यांत भेद करावा लागतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९८५ साली प्रकाशित झालेल्या कॅसेटचा प्रताधिकार २०४५ अखेरपर्यंत राहील. घरगुती ध्वनिमुद्रण दुसऱ्यांना ऐकविण्यापूर्वी गाणाऱ्याची अथवा तिच्या कुटुंबीयांची संमती घेणे उचित मानले जाते.

नोंद आणि वस्तुसंग्रह

वस्तूंचा ढीग आणि संग्रह यांतील भेद नोंदींमुळे ठरतो. प्रतिकृती क्रमांक, अनुक्रमांक, मूळ मालकाचा व्यवसाय व गाव, खरेदीचे ठिकाण, बदललेले भाग आणि दुरुस्तीची तारीख यांची नोंद असेल तर यंत्र पुढील अभ्यासकाला उपयोगी पडते. मालकाचे नाव जाहीर करण्याची आवश्यकता नसते. 'उमरगा तालुक्यातील शेतकरी कुटुंब, आखातातून आणलेले' एवढी नोंदही पुरेशी बोलकी असते.

खाजगी छंदातून सार्वजनिक ठेवा कसा घडतो याचे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच आहे. प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध असलेल्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरात सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी आणि हस्तिदंती वस्तू आस्थेने जमविल्या. त्यांच्या संग्रहातून तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालयही एका व्यक्तीच्या छंदातूनच निर्माण झाले. तेथील दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी जमविली गेली तेव्हा तीही नित्य वापरातून बाहेर पडत चाललेली साधने होती. कॅसेट वादक आज त्याच टप्प्यावर आहेत.

मतभेद

एकरंगी संग्रहावर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की, त्यात वस्तूचा इतिहास बाजूला पडून ती शोभेची होते. मराठवाड्यातील बहुसंख्य घरांत वाजलेली यंत्रे काळी किंवा राखाडी टू-इन-वन होती. पिवळा स्पोर्ट्स वॉकमन ही तुलनेने दुर्मिळ आणि महाग वस्तू होती. संग्राहकांनी केवळ दुर्मिळ रंगाचा पाठपुरावा केल्यास सामान्यांची यंत्रे भंगारात जातात आणि भविष्यातील अभ्यासकाला त्या काळाचे चित्र एकांगी दिसते. दुसरा आक्षेप सुट्या भागांविषयीचा आहे. एक देखणे यंत्र पूर्ण करण्यासाठी दोन साधी चालू यंत्रे मोडली जातात, तेव्हा कॅसेट ऐकण्याची साधने तेवढ्याने कमी होतात.

या छंदाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, रंगाचे आकर्षण नसते तर ही यंत्रे कोणी राखलीच नसती. पट्टे बदलणे, वेग जुळविणे आणि शीर्ष स्वच्छ करणे ही कौशल्ये संग्राहकांमुळे टिकून आहेत. पिवळ्या यंत्रावर शिकलेला हात काळ्या टू-इन-वनलाही दुरुस्त करतो. व्यवहारात दोन्ही बाजूंना मान्य होईल असा नियम अनेक संग्राहक पाळतात. मांडणीसाठी रंगाचा निकष ठेवायचा, परंतु निदान एक यंत्र, मग ते कोणत्याही रंगाचे असो, सदैव चालू स्थितीत आणि इतरांच्या कॅसेटींसाठी उपलब्ध ठेवायचे. फितीवरील चुंबकीय थर दरवर्षी थोडा क्षीण होत असल्याने या यंत्राचा उपयोग जितका लवकर होईल तितके अधिक आवाज वाचतात.